टेस्टोस्टेरॉन आलं कुठून? फॉर्मॅलिनमधल्या अंडाशयाचं एक प्रकरण

पॅथॉलॉजीकडे येणाऱ्या विनंत्यांमध्ये एक विनंती दिसायला अगदी सरळ असते: "गाठ हार्मोन तयार करत होती का, ते ब्लॉकवरून सांगा." ब्लॉक म्हणजे पॅराफिन मेणात बसवलेला ऊतीचा तुकडा. या विनंतीच्या उत्तरात किती गोष्टी गुंतलेल्या असतात ते दाखवण्यासाठी हे प्रकरण मांडतो आहे. यातल्या बाई कुणी एक खरी व्यक्ती नाहीत. अशा रुग्णांमध्ये जे जे दिसतं ते एकत्र करून शिकवण्यासाठी प्रकरण रचलं आहे, आणि रुग्णाचे आकडे त्याच हिशोबाने घेतले आहेत. ऊतींबद्दल, रसायनांबद्दल आणि तपासण्यांबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र जसं आहे तसं आहे.

प्रश्न

बाई ६१ वर्षांच्या. पाळी जाऊन दहा-अकरा वर्षं झालेली. दीड वर्षापासून हनुवटीवर आणि छातीवर राठ केस येऊ लागले, डोक्यावरचे कपाळाच्या बाजूने विरळ झाले, आवाज घोगरा झाला. हिमोग्लोबिन १६.४. रक्तातलं टेस्टोस्टेरॉन ४१० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर. पाळी गेलेल्या स्त्रीमध्ये हा आकडा साधारणपणे ५० च्या आत असतो, आणि तो १५०-२०० च्या वर गेला की गाठीचा शोध घ्यायचा हा प्रघात आहे. डीएचईए-सल्फेट हे मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथीत बनतं. ते वयाला साजेसं होतं, म्हणजे अॅड्रिनलवरचा संशय कमी झाला. सीटी स्कॅनमध्येही दोन्ही अॅड्रिनल व्यवस्थित दिसल्या. एफएसएच, म्हणजे अंडाशयाला चालना देणारं पिट्युटरी ग्रंथीचं संप्रेरक, १४ होतं. या वयात ते बरंच जास्त असायला हवं. पिट्युटरी दबलेली आहे, म्हणजे कुठूनतरी हार्मोनचा पुरवठा चालू आहे, असा त्याचा अर्थ.

डाव्या अंडाशयात १४ सेंटिमीटरची अनेक कप्प्यांची गाठ निघाली. उजवं अंडाशय स्कॅनवर निर्दोष. शस्त्रक्रियेत गर्भाशय, दोन्ही अंडाशयं आणि नळ्या काढल्या. अपेंडिक्स पाहिलं, ते निरोगी होतं. पहिल्या प्रयोगशाळेचा अहवाल आला: म्युसिनस सिस्टॅडिनोमा, कर्करोग नाही.

इथे उपचार करणाऱ्या डॉक्टरबाई थबकल्या, आणि त्यांचं थबकणं बरोबर होतं. म्युसिनस सिस्टॅडिनोमा म्हणजे श्लेष्मा बनवणाऱ्या पेशींचं अस्तर असलेली पिशवी. त्या पेशींकडे टेस्टोस्टेरॉन बनवण्याची सामग्रीच नसते. तरीही शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या दिवशी बाईंचं टेस्टोस्टेरॉन २४ वर आलं होतं आणि पुढे सहा आठवड्यांनी मोजलं तेव्हाही १९ निघालं. स्रोत काढलेल्या अवयवांमध्येच होता, हे उघड आहे. तो नेमका कुठे होता हे अहवालात नव्हतं. त्यांनी ब्लॉक, स्लाइड्स आणि बरणीत उरलेला नमुना दुसऱ्या मतासाठी पाठवला. चिठ्ठीत स्टेनिंगची, म्हणजे पातळ छेदावर तो पदार्थ रंगाने दाखवण्याची, विनंती होती: "कृपया गाठीच्या ब्लॉकवर टेस्टोस्टेरॉनचं स्टेनिंग करून द्यावं."

शस्त्रक्रिया झाली, बाई बऱ्या आहेत, मग हा खटाटोप कशाला, असं कुणी विचारेल. कारण शक्यता तीन होत्या आणि तिघींचा पुढचा रस्ता वेगळा. एक, उजव्या अंडाशयाच्या देठापाशी लपलेली लायडिग पेशींची, म्हणजे टेस्टोस्टेरॉन बनवणाऱ्या पेशींची, बारीक गाठ. या गाठी बहुधा तीन सेंटिमीटरपेक्षा लहान असतात आणि स्कॅनला सहज चकवतात. दोन, स्ट्रोमल हायपरथेकोसिस, म्हणजे दोन्ही अंडाशयांच्या गाभ्यात विखुरलेली संप्रेरक बनवणारी पेशींची बेटं. याचा इन्शुलिन-प्रतिरोधाशी संबंध असतो, तेव्हा मधुमेह आणि वजन यांकडे लक्ष द्यावं लागतं. तीन, म्युसिनस गाठीच्या अस्तराखालचा आधार-ऊतक, म्हणजे स्ट्रोमा, चेतवला जाऊन स्वतःच संप्रेरक बनवू लागलेला असणं. ही तिसरी शक्यता अनेकांच्या डोक्यातच येत नाही. शिवाय ती एक जास्तीचा प्रश्न घेऊन येते: असा चेतवलेला स्ट्रोमा दुसरीकडून अंडाशयात आलेल्या कर्करोगाभोवतीही दिसतो.

"टेस्टोस्टेरॉनचं स्टेनिंग" का नाही

या भागावर मी जास्त वेळ घालवणार आहे, कारण सगळ्या प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे.

फॉर्मॅलिन ऊती टिकवतं ते प्रथिनांना एकमेकांत बांधून. दहा टक्के बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये साधारण चार टक्के फॉर्मॅल्डिहाइड असतं, आणि ते मुख्यतः प्रथिनांमधल्या अमिनो गटांना पकडतं. टेस्टोस्टेरॉनच्या रेणूत अमिनो गट नाही. १९ कार्बन, २८ हायड्रोजन, २ ऑक्सिजन, संपलं. पकडायला जागाच नाही. त्यामुळे फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या ऊतीत टेस्टोस्टेरॉन असलंच तर ते बांधलेलं नसतं, नुसतं अडकून पडलेलं असतं.

त्यानंतर ऊतीचा ब्लॉक बनतो. आधी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमध्ये पाणी काढलं जातं, मग झायलीनने अल्कोहोल काढलं जातं, मग साठ अंशांच्या आसपास वितळलेल्या पॅराफिनमध्ये ऊती भरली जाते. एखाद्या रसायनतज्ज्ञाला ऊतीतून स्टेरॉइड बाहेर काढायला सांगितलं, तर तोही अशाच सेंद्रिय द्रावकांकडे हात नेईल. म्हणजे ब्लॉक बनवण्याची नेहमीची प्रक्रिया हीच स्टेरॉइड धुऊन काढण्याची प्रक्रिया आहे. छेद घेतल्यावर पॅराफिन काढायला पुन्हा झायलीन आणि अल्कोहोल वापरावं लागतं ते वेगळंच.

याहून खोल एक अडचण आहे आणि ती ताज्या ऊतीलाही लागू होते. इन्शुलिनसारखी प्रथिन-संप्रेरकं पेशीत कणांच्या रूपात साठवली जातात. स्टेरॉइड संप्रेरकांचा असा साठा नसतो. ती तयार होतात आणि मेदाच्या पडद्यांमधून लगेच बाहेर पडतात. पेशीत साठून राहतो तो कच्चा माल, म्हणजे कोलेस्टेरॉलचे एस्टर. तेव्हा जी पेशी भरपूर टेस्टोस्टेरॉन बनवते तिच्यात कोणत्याही क्षणी ते भरपूर असेलच असं नाही. आणि जिथे ते सापडतं ती पेशी ते बनवते, असंही नाही. ते रक्तातून आलेलं असू शकतं, शेजारच्या पेशीतून झिरपलेलं असू शकतं.

मग टेस्टोस्टेरॉनविरुद्धची अँटिबॉडी लावून तपकिरी रंग आल्याचे अहवाल कुठून येतात? १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात इम्युनोपेरॉक्सिडेज पद्धतीने, म्हणजे अँटिबॉडी जिथे चिकटते तिथे तपकिरी रंग आणून, पॅराफिन छेदांवर इस्ट्रॅडिओल, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन रंगवण्याचं बरंच काम झालं, आणि त्या काळाच्या मानाने ते धाडसाचं होतं. अंडाशयाच्या गाठींमध्ये संप्रेरकाचा उगम पेशीपर्यंत जाऊन शोधायचा, ही दिशाच त्या कामाने दिली. पण तपकिरी रंगाला इतर बरीच कारणं असतात. स्टेरॉइडचा रेणू इतका लहान की एकट्याने तो प्रतिकारशक्तीला जागं करत नाही. त्याला मोठ्या प्रथिनाला जोडून प्राण्यात टोचावं लागतं, आणि तयार होणारी अँटिबॉडी जवळच्या भावंड-स्टेरॉइडांनाही कमी-जास्त ओळखते. बायोटिनवर आधारलेली पद्धत वापरली तर ऊतीतलं मूळचं बायोटिन रंग देतं. आणि लायडिग पेशींमध्ये लायपोफ्युसिन हे रंगद्रव्य असतं, जे काहीही न लावता तपकिरीच दिसतं. ज्या पेशीत टेस्टोस्टेरॉन सापडावं अशी आपली अपेक्षा, नेमकी तीच पेशी आधीपासून तपकिरी! अँटिबॉडीत आधी शुद्ध टेस्टोस्टेरॉन मिसळून रंग जातो का हे पाहण्याची एक तपासणी आहे. ती करावीच. पण रंग गेला तर अँटिबॉडी टेस्टोस्टेरॉनला चिकटते एवढंच कळतं. ऊतीत ती ज्याला चिकटली होती ते टेस्टोस्टेरॉनच होतं, हे त्यावरून कळत नाही.

म्हणून डॉक्टरबाईंना कळवलं की हे स्टेनिंग करणार नाही. नकार देताना मागचं कारण पूर्ण सांगावं, असं माझं ठाम मत आहे. "उपलब्ध नाही" एवढं लिहून पाठवलं की समोरच्याला वाटतं दुसरीकडे उपलब्ध असेल, आणि ब्लॉकची फिरती सुरू होते.

बरणीतल्या ओल्या ऊतीचं काय

ब्लॉक हातातून गेला तरी बरणीत उरलेली ऊती अल्कोहोलपर्यंत पोहोचलेली नव्हती. ती पाच आठवडे नुसती फॉर्मॅलिनमध्ये होती. तिच्यातून स्टेरॉइड काढून मास स्पेक्ट्रोमेट्रीवर, म्हणजे रेणू वस्तुमानावरून ओळखणाऱ्या यंत्रावर, मोजता येईल का? हा रास्त प्रश्न आहे, आणि तो करून पाहिला.

पद्धत थोडक्यात अशी. ऊतीचा वजन केलेला तुकडा बारीक करायचा, त्यात तुलनेसाठी ड्युटेरियम-युक्त (जड हायड्रोजनचं) टेस्टोस्टेरॉन ठरावीक प्रमाणात मिसळायचं, सेंद्रिय द्रावकाने स्टेरॉइड ओढून घ्यायचे, आणि द्रव क्रोमॅटोग्राफीतून पुढे टँडेम मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये सोडायचे. टेस्टोस्टेरॉन २८९ वस्तुमानाचा आयन देतं आणि तो फुटला की ९७ आणि १०९ चे तुकडे मिळतात. तुकड्यांचं प्रमाण आणि स्तंभातून बाहेर पडण्याची वेळ, दोन्ही शुद्ध नमुन्याशी जुळली पाहिजेत. नुसत्या वस्तुमानावर विसंबून चालत नाही. डीएचईएचं रेणुसूत्र टेस्टोस्टेरॉनचंच आहे, एका अणूचाही फरक नाही. एपिटेस्टोस्टेरॉनचंही तेच. क्रोमॅटोग्राफीने त्यांना आधी वेगळं केलं नाही तर यंत्र कितीही महागडं असो, त्याचं उत्तर संदिग्धच राहतं.

डाव्या गाठीच्या भिंतीत टेस्टोस्टेरॉन सापडलं. खात्रीचं, दोन्ही तुकडे जुळणारं. क्षणभर काम झाल्यासारखं वाटावं असा निकाल. पण त्याच फेरीत उजव्या अंडाशयाचा तुकडा आणि बरणीतलं फॉर्मॅलिनही तपासलं होतं. टेस्टोस्टेरॉन तिन्हीकडे निघालं.

कारण दोन्ही अंडाशयं एकाच बरणीत होती. टेस्टोस्टेरॉन पाण्यात विरघळत नाही असं आपण सहज म्हणतो, पण लिटरमागे वीस मिलिग्रॅमच्या थोडं वर ते विरघळतंच. ऊतीत आपण शोधत असतो नॅनोग्रॅम. दोन लिटर फॉर्मॅलिनला ही मात्रा काहीच नाही. पाच आठवड्यांत ते डावीकडून झिरपून उजवीकडे मुरायला भरपूर अवधी होता. म्हणजे ज्या एका प्रश्नासाठी ही तपासणी केली, डावं की उजवं, त्याचंच उत्तर बरणीने पुसून टाकलं होतं.

रक्ताचा हिशोबही करून पाहिला. ४१० प्रति डेसिलिटर म्हणजे मिलिलिटरमागे ४.१ नॅनोग्रॅम. एक ग्रॅम ऊतीत समजा वीस टक्के द्रव हा रक्तद्रव असला, तरी त्याच्या वाट्याला एक नॅनोग्रॅमही येत नाही. ऊतीत त्याच्या कितीतरी पट सापडलं तर "हे नुसतं रक्तातलं नाही" असं म्हणता येतं. ताज्या गोठवलेल्या ऊतीत हा हिशोब उपयोगी पडतो. फॉर्मॅलिनमधून किती वाहून गेलं हे माहीत नसलेल्या ऊतीत त्या आकड्याला वजन नाही. म्हणून अहवालात आकडा दिला नाही. "सापडलं, पण स्रोत ठरवण्यास निरुपयोगी" असं लिहिलं.

मास स्पेक्ट्रोमेट्रीने छेदावरच स्टेरॉइडचा नकाशा काढण्याचं तंत्रही आज आहे. टेस्टोस्टेरॉनला विद्युतभार सहज चिकटत नाही, म्हणून गिरार्ड टी या अभिकारकाने त्याच्या कीटोन गटाला भारित शेपूट जोडतात आणि मग लेझरने छेद टिपतात. सुंदर तंत्र आहे. पण त्याला हवी गोठवलेली ऊती, आणि ती इथे कुणी ठेवली नव्हती.

मग विचारायचं काय

माल वाहून गेला असला तरी यंत्रं जागेवर असतात. कोलेस्टेरॉलपासून टेस्टोस्टेरॉनपर्यंतच्या प्रत्येक पायरीला एक विकर (एन्झाइम) लागतं. विकर प्रथिन असतं, आणि प्रथिनाला फॉर्मॅलिन घट्ट पकडून ठेवतं. अल्कोहोल आणि झायलीन त्याला धुऊन नेऊ शकत नाहीत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जपानमधल्या तोहोकु विद्यापीठाचे हिरोनोबू सासानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच मार्ग धरून अंडाशय आणि अॅड्रिनलच्या पॅराफिन छेदांमध्ये स्टेरॉइड बनवणारी विकरं पेशीनिशी दाखवली. संप्रेरकाच्या रंगापेक्षा विकराचा रंग जास्त विश्वासार्ह, हे त्या कामातून रुजलं.

पण अँटिबॉडीकडे धाव घेण्याआधी एक स्वस्त आणि जुनं काम उरलं होतं. उजवं अंडाशय अडीच सेंटिमीटरचं. पहिल्या प्रयोगशाळेने त्यातून एकच प्रातिनिधिक छेद घेतला होता. दिसायला निरोगी असलेल्या अंडाशयाबाबत ही रीत सर्वत्र आहे, आणि हार्मोनचा प्रश्न विनंतीपत्रावर लिहिलेलाच नसेल तर तिला दोष देता येत नाही. आता मात्र ते दोन-दोन मिलिमीटरच्या चकत्यांमध्ये कापून सगळंच्या सगळं ब्लॉकमध्ये घातलं, देठाच्या भागासकट. लायडिग पेशींची गाठ असती तर ती इथे सापडणारच. सापडली नाही. देठापाशी चेतातंतूंना लागून हायलस पेशींचे, म्हणजे देठाजवळच्या संप्रेरक बनवणाऱ्या पेशींचे, दोन-तीन छोटे पुंजके होते. ते प्रत्येक अंडाशयात असू शकतात. गाभ्यात हायपरथेकोसिसची बेटं नव्हती.

डाव्या गाठीच्या भिंतीतून, जिथे कापल्यावर पिवळसर झाक होती तिथून, नवे ब्लॉक घेतले. ही पिवळी झाक डोळ्यांनी पाहणं महत्त्वाचं असतं. संप्रेरक बनवणाऱ्या ऊतीत मेद असतो आणि तो पिवळा ते नारिंगी दिसतो. नेहमीच्या एच अँड ई स्लाइडवर तिथे, श्लेष्मल अस्तराच्या अगदी खाली, स्ट्रोमातल्या पेशी फुगलेल्या दिसत होत्या. गोल केंद्रक, भरपूर गुलाबी पेशीद्रव, काहींमध्ये बारीक पोकळ्या. अस्तरापासून दूर गेलं की पुन्हा साध्या सडपातळ पेशी. मूळ स्लाइड्समध्येही या पेशी थोड्या होत्या. शोधणाऱ्याला त्या दिसतात.

इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे अँटिबॉडीने प्रथिनं रंगवण्याच्या तपासणीत, अशा पेशींच्या खुणा म्हणून इनहिबिन-अल्फा, कॅलरेटिनिन, एसएफ-१, आणि विकरांपैकी सीवायपी११ए१, ३-बीटा-एचएसडी, सीवायपी१७ए१ लावली. पहिल्या तीन अँटिबॉडी बहुतेक मोठ्या प्रयोगशाळांत असतात, विकरांच्या मात्र मोजक्याच ठिकाणी.

एसएफ-१ बद्दल सावध राहावं. स्टेरॉइड बनवणाऱ्या पेशींमधली जनुकं चालू करणारं हे प्रथिन म्हणून ते प्रसिद्ध आहे, पण अंडाशयाच्या साध्या स्ट्रोमातल्या पेशीही त्याने रंगतात. इथेही दोन्ही बाजूंचा स्ट्रोमा रंगला. तेवढ्यावर "हार्मोन बनवणारी ऊती" असं लिहिणं चुकीचं झालं असतं. निर्णायक ठरलं ते सीवायपी१७ए१. हे विकर नसेल तर २१ कार्बनच्या स्टेरॉइडपासून १९ कार्बनचं अँड्रोजेन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनूच शकत नाही. अस्तराखालच्या फुगीर पेशींमध्ये ते ठळक होतं, ठिकठिकाणी, सलग नव्हे. शेजारच्या सडपातळ पेशी कोऱ्या. श्लेष्मल अस्तर कोरं. सीवायपी११ए१ आणि ३-बीटा-एचएसडी त्याच पेशींमध्ये होती, इनहिबिनही. म्हणजे कोलेस्टेरॉलपासून अँड्रोस्टिनडायोनपर्यंतची (टेस्टोस्टेरॉनच्या आधीच्या पायरीपर्यंतची) साखळी एकाच ठिकाणी जुळून आली. त्यापुढची अँड्रोस्टिनडायोन ते टेस्टोस्टेरॉन ही पायरी अंडाशयात मुख्यतः एकेआर१सी३ पार पाडतं. त्याचं स्टेनिंग केलं नाही. ते इतर अनेक ऊतींमध्येही असतं, त्यामुळे त्याने फारसं काही सिद्ध झालं नसतं.

नियंत्रणासाठी प्रत्येक स्लाइडवर अॅड्रिनलचा छेद ठेवला होता. या कामाला अॅड्रिनलसारखं दुसरं नियंत्रण नाही, कारण होकार आणि नकार एकाच तुकड्यात मिळतात. सीवायपी१७ए१ मधल्या आणि आतल्या थरात रंगतं, बाहेरचा ग्लोमेरुलोसा थर कोरा राहतो. ३-बीटा-एचएसडी बाहेरच्या दोन थरांत ठळक आणि आतल्या रेटिक्युलॅरिसमध्ये फिकं. हा नमुना उलटसुलट दिसला तर अँटिबॉडी किंवा पद्धत बिघडली आहे, पुढे वाचायचंच नाही.

आता फॉर्मॅलिनमधल्या पाच आठवड्यांचा मुद्दा. ऊती जितकी जास्त दिवस फॉर्मॅलिनमध्ये, तितकी प्रथिनं एकमेकांत जास्त गुंततात आणि अँटिबॉडीला चिकटायची जागा झाकली जाते. उष्णतेने ती पुन्हा उघडता येते, ही पद्धत १९९१ मध्ये पुढे आली आणि तिने आमचं शास्त्रच बदललं. तरी अतिरेकी फिक्सेशनचा परिणाम पूर्ण जात नाही. नव्या ब्लॉकमधला इनहिबिनचा रंग जुन्या ब्लॉकमधल्यापेक्षा फिका होता. मग इनहिबिन आणि सीवायपी१७ए१ यांना उजव्या अंडाशयाचा स्ट्रोमा कोरा दिसला तो खरोखर कोरा म्हणून, की पाच आठवड्यांच्या फॉर्मॅलिनमुळे? इथे ते हायलस पेशींचे पुंजके कामी आले. त्याच छेदात, तेवढेच दिवस फॉर्मॅलिनमध्ये राहून, ते इनहिबिन आणि सीवायपी१७ए१ दोन्हींनी व्यवस्थित रंगले. म्हणजे पद्धत त्या ऊतीवर चालत होती, आणि बाजूच्या स्ट्रोमाचा नकार विश्वास ठेवण्याजोगा होता. बाहेरून ठेवलेलं नियंत्रण हे कधीच सांगू शकत नाही, कारण ते वेगळ्या बरणीतून आलेलं असतं. माझ्या मते या सगळ्या तपासातलं सर्वांत भक्कम निरीक्षण हेच.

ओल्या ऊतीतून साखरेच्या द्रावणात मुरवून क्रायोस्टॅटवर (गोठवून कापण्याच्या यंत्रावर) छेद घेतले आणि मेद लाल रंगवणारं ऑइल रेड ओ लावलं. फुगीर पेशींमध्ये लाल थेंब दिसले. यातून मेद आहे एवढंच सिद्ध होतं. मेद नसलेली पेशीही संप्रेरक बनवू शकते आणि मेद असलेली बनवत नसू शकते. पूरक पुरावा म्हणून नोंद केली.

उरला तो दुसरीकडून पसरलेल्या कर्करोगाचा प्रश्न. अपेंडिक्स किंवा स्वादुपिंडातून आलेली म्युसिनस गाठ अंडाशयात अगदी सौम्य चेहऱ्याने बसू शकते, म्हणून "कर्करोग नाही" या शब्दांवर थांबता आलं नाही. गाठ एकाच बाजूला, दहा सेंटिमीटरपेक्षा बरीच मोठी, पृष्ठभाग गुळगुळीत, उगम ओळखायला लावलेल्या प्रथिनांपैकी सीके७ सर्वत्र ठळक, एसएटीबी२ नाही, अपेंडिक्स निरोगी. गाठ अंडाशयातलीच, याकडे सगळं बोट दाखवत होतं. पुढच्या भेटीत पोटाचं एक स्कॅन करावं असं सुचवलं, तेवढं पुरेसं वाटलं.

स्ट्रोमा चेतला कशामुळे? काही म्युसिनस गाठींमधल्या पेशी एचसीजी (एरवी गरोदरपणात बनणारं संप्रेरक) बनवतात आणि ते शेजारच्या स्ट्रोमाला जागं करतं, हे एक ओळखीचं स्पष्टीकरण आहे. इथे एचसीजीचं स्टेनिंग नकारात्मक आलं. शस्त्रक्रियेआधी रक्तातलं एचसीजी मोजलं गेलं नव्हतं, आणि आता ते मोजण्यात अर्थ नाही. कारण उघडं ठेवलं.

अहवालात काय लिहिलं

निदान: म्युसिनस सिस्टॅडिनोमा, संप्रेरक बनवणाऱ्या ल्युटिनाइज्ड (म्हणजे वर सांगितलेल्या फुगीर पेशींच्या) स्ट्रोमासह. त्याखाली पुराव्याची पायरी वेगवेगळी नोंदवली. सिद्ध: अँड्रोजेनचा स्रोत काढलेल्या अवयवांमध्ये होता. हे रक्ताच्या आकड्यांवरून, ऊतीवरून नव्हे. सबळ पुराव्याने समर्थित: स्रोत डाव्या गाठीचा स्ट्रोमा. कारण तिथे अँड्रोजेन बनवण्याची विकरसाखळी आहे, आणि पूर्ण तपासलेल्या उजव्या अंडाशयात मोजक्या सामान्य हायलस पेशींपलीकडे ती कुठेही नाही. सिद्ध नाही: या स्ट्रोमाने किती टेस्टोस्टेरॉन बनवलं. विकर दिसणं म्हणजे ते विकर त्या घडीला काम करत होतं असं नव्हे. छेदावरच्या रंगाच्या गडदपणावरून उत्पादनाचा अंदाज बांधू नये, असंही स्पष्ट लिहिलं, कारण तो मोह वाचणाऱ्याला हमखास होतो.

रक्ताच्या आकड्यांबाबत एक टीप जोडली. स्त्रियांमधल्या कमी पातळीवर अँटिबॉडीने मोजणाऱ्या नेहमीच्या इम्युनोअॅसे चुकू शकतात, इतर स्टेरॉइडांना टेस्टोस्टेरॉन समजतात. ४१० आणि १९ हे दोन्ही आकडे एकाच प्रयोगशाळेतले, एकाच पद्धतीचे होते, म्हणून घसरण खरी मानली. पुढची मोजणी मास स्पेक्ट्रोमेट्रीवर व्हावी आणि त्या पद्धतीची नवी आधाररेषा ठरवावी. मधेच पद्धत बदलून आकडे जोडले तर नसलेली वाढ दिसायची.

डॉक्टरबाईंशी फोनवर बोलणं झालं तेव्हा त्यांनी विचारलं, पुढच्या वेळी अशी रुग्ण आली तर सुरुवातीलाच काय करावं. त्यांना सांगितलं ते असं. विनंतीपत्रावर पहिल्या ओळीत "पुरुषी लक्षणं, टेस्टोस्टेरॉन इतकं" असं लिहा, म्हणजे दिसायला निरोगी असलेलं अंडाशयही पूर्ण तपासलं जाईल. डावं आणि उजवं वेगळ्या बरण्यांत. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच दोन्ही अंडाशय-शिरांमधून रक्त घेता आलं तर त्यासारखा पुरावा नाही. ते संप्रेरक ज्या बाजूने बाहेर पडतं ती बाजू थेट दाखवतं आणि फॉर्मॅलिनचा त्याच्याशी संबंधच येत नाही. ऊती फॉर्मॅलिनमध्ये जाण्याआधी पॅथॉलॉजिस्टला बोलवा. पिवळसर भागातला एक लहानसा तुकडा आणि विरुद्ध अंडाशयातला एक, असे दोन तुकडे लगेच गोठवून उणे ८० अंशांवर ठेवले की स्टेरॉइड मोजण्याचा मार्ग खुला राहतो. तुकडे वापरले गेले नाहीत तरी नुकसान काही नाही. मात्र निदानासाठी लागणारी ऊती कमी पडत असेल तर गोठवण्याचा हट्ट धरू नये. निदान आधी.

बाईंचा स्वतःचा प्रश्न डॉक्टरबाईंनी शेवटी पोहोचवला: केस आणि आवाज पूर्ववत होतील का? केसांची वाढ हळूहळू मंदावते, पण आधीच राठ झालेले केस पुष्कळदा तसेच राहतात, ते काढण्याचे उपाय करता येतात. हिमोग्लोबिन काही महिन्यांत खाली यायला हवं, तसं आलं नाही तर त्याचं वेगळं कारण शोधावं. आवाजाबद्दल खोटी आशा दाखवू नये. स्वरतंतू एकदा जाड झाले की बहुधा पूर्ण मागे फिरत नाहीत. स्वरोपचार तज्ज्ञांकडे पाठवलं तर बोलण्यात बराच फरक पडू शकतो, आणि ती चिठ्ठी लवकर द्यावी, असं सुचवलं. टेस्टोस्टेरॉनची पुढची मोजणी सहा महिन्यांनी.

ब्लॉक परत पाठवले. कोरे छेद फार काढून ठेवले नाहीत, कारण कापून ठेवलेल्या छेदातली प्रथिनं महिन्यागणिक अँटिबॉडीला प्रतिसाद देईनाशी होतात. ब्लॉकमध्ये ती वर्षानुवर्षं टिकतात. उद्या एखादं नवं विकर तपासायचं ठरलं तर तेव्हा ताजा छेद घ्यावा, असं सोबतच्या पत्रात लिहून दिलं आहे.